बॉर्डरची गोळी

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी सव्वाअकराला लातूरच्या एका तपासणी केंद्रात माझा पहिला पेट स्कॅन झाला. शनिवारी अहवाल आला. त्यात दोन नोंदी होत्या. मानेच्या डाव्या बाजूच्या आणि त्याखाली छातीच्या वरच्या भागातल्या गाठी. त्या अपेक्षित होत्या. आणि मोठ्या आतड्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीव्र क्रिया. ती कोणालाच अपेक्षित नव्हती.

या दुसऱ्या नोंदीमुळे माझे उपचार लांबले. स्कॅनपासून अठरा दिवस गेले. नोंद कशी आली आणि कशी गेली, ते इथे क्रमाने लिहिले आहे. चूक माझी होती. तशी ती आणखी कोणाच्याही हातून होऊ शकते, एवढेच लिहिण्याचे कारण.

गाठ

मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे. वय बावन्न, मूळ गाव देगलूर तालुक्यात. पत्नी सुनंदा नायगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे.

गाठ दाढी करताना हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून सहा आठवडे तशीच राहू दिली. मग तिचा तुकडा तपासला. लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी ते सांगितले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर अजून अकरा रुग्ण बसले होते. त्यांनी घाई केली नाही.

"हा बऱ्या होणाऱ्या आजारांतला आहे," ते म्हणाले. "पण तो कुठं कुठं आहे ते आधी बघावं लागंल. नुसत्या मानेत असेल तर एक हिशोब. पोटात गेला असेल तर दुसरा. लातूरला पेट स्कॅन करून या."

सुनंदाने वहीत लिहून घेतले. मी काहीच लिहिले नाही. तीस वर्षांत समोरचा बोलत असताना मी हात रिकामा ठेवल्याचे मला आठवत नाही.

लातूरला माझी मोठी बहीण राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. फोनवर तिचा पहिला प्रश्न असा होता: "गाठ मानंला, आन स्कॅन पेटाचा? ह्या डॉक्टरांना कळतंय का न्हाई काही?"

आमच्याकडे पोटाला पेट म्हणणारी माणसे अजून आहेत. ते यंत्राचे नाव आहे, पोटाचा संबंध नाही, असे मी तिला समजावले.

सातवा प्रश्न

केंद्रातला फॉर्म एका पानाचा होता, मराठीत. सातवा प्रश्न: मधुमेह आहे का? मधुमेहाची गोळी चालू असल्यास नाव लिहा.

मी 'नाही' लिहिले.

तपासणी करणाऱ्या मुलीने तोंडीही विचारले. "काका, शुगर न्हाई ना?"

"नाही. बॉर्डरवर आहे."

"बॉर्डरवर तर आता समदेच हायत," ती हसली आणि तिने बोटाला सुई टोचली. एकशे एकेचाळीस. "दोनशेच्या आत पायजे असती. चालतंय."

यात मी खोटे बोललो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी कार्यालयातल्या शिबिरात माझी साखर थोडी जास्त निघाली होती. नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितले, "शुगर म्हणता येणार नाही. बॉर्डरवर आहे. ही गोळी सकाळ-संध्याकाळ घ्या, म्हणजे पलीकडं जाणार नाही." मी विचारले, "म्हणजे मला शुगर नाही?" ते म्हणाले, "तसं समजा." मी तसे समजलो.

माझ्या वडिलांचा डावा पाय शुगरमुळे कापावा लागला होता. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कोणी सहज काढत नसे. त्यामुळे या गोळीला घरात 'बॉर्डरची गोळी' असे नाव पडले. सुनंदा रोज सकाळी दप्तर भरता भरता विचारायची, "अहो, बॉर्डरची घेतली का?" तीन वर्षांत ही शुगरची गोळी आहे असे दोघांपैकी एकदाही कोणी म्हटले नाही.

देगलूर, बिलोलीकडच्या, म्हणजे राज्याच्या सीमेवरच्या बातम्या माझ्या टेबलावर येतात. वार्ताहर लिहितो: बॉर्डरवर ट्रक पकडला. मी त्याला फोन करून विचारतो, बॉर्डरवर म्हणजे अलीकडे की पलीकडे? गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदला गेला, ते त्यावर ठरते. हा प्रश्न मी शेकडो वेळा विचारला असेल. स्वतःच्या बाबतीत विचारला नाही.

स्कॅनच्या दिवशी उपाशीपोटी यायचे होते, पाणी चालणार होते. सकाळी सहाला मी पाण्याबरोबर गोळी घेतली.

खोली

इंजेक्शननंतर एक तास एका खोलीत बसवतात. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी या तासाबद्दल लिहितो, कारण मला कोणी सांगितले नव्हते.

खोली आठ बाय सहा. खुर्ची मागे झुकणारी. दार जाड आणि जड, शिसे घातलेले. खिडकी नाही. कोपऱ्यात कॅमेरा, वर स्पीकर. फोन बाहेर ठेवायचा. वाचायचे नाही, बोलायचे नाही, काही चघळायचे नाही. जो स्नायू हलेल तो औषध ओढून घेतो आणि चित्रात उजळतो. ते औषध म्हणजे एक प्रकारची साखरच असते. शरीरात जिथे काम जास्त चालू आहे तिथे ती जाते. गाठ जास्त खाते, म्हणून गाठ दिसते.

वीस मिनिटांनी मी पाय हलवला. स्पीकरमधून आवाज आला, "काका, पाय."

दार आतून उघडते की नाही, हे मी विचारले नव्हते. उरलेला वेळ त्या विचारात गेला. नंतर कळले, उघडते.

स्कॅन झाल्यावर संध्याकाळपर्यंत लहान मुले आणि गरोदर बायांपासून लांब राहायचे असते. अक्काच्या सुनेला सातवा महिना होता. म्हणून अक्काने मला गच्चीवरच्या खोलीत ठेवले. जेवणाचे ताट उंबऱ्याच्या आत सरकवून ती चार पावले मागे गेली.

"दिगू, अंधारात चमकायलास का रं?"

"नाही."

"मग एवढं पैशे घिऊन काय टोचलं त्यांनी?"

त्या दिवसात मी हसलो ते तेवढेच.

अहवाल

सोमवारी नांदेडच्या डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. मग चित्रे उघडली. आतडे पडद्यावर पूर्ण दिसत होते, उजव्या बाजूने वर, आडवे आणि डावीकडून खाली, एखाद्या नकाशात नदी दाखवतात तसे. नकाशावर नदी निळी असते. हे काळे होते.

"हे मला अपेक्षित नव्हतं," ते म्हणाले. "काही वेळा आतडं विनाकारण उजळतं. पण इतकं नाही. आजार तिथं असेल तर टप्पा बदलतो. औषधं बदलतात. कदाचित तुम्हाला इथं ठेवता येणार नाही, मुंबईला पाठवावं लागंल. आतड्यात दुर्बीण घालून बघू, तोवर काही सुरू करायचं नाही."

"शुगर?" त्यांनी विचारले.

"नाही. बॉर्डरवर."

त्यांनी मान हलवली आणि दुर्बिणीची चिठ्ठी लिहिली. दुर्बिणीची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली, लातूरलाच.

हा आठवडा सगळ्यात वाईट गेला. आजार होता आणि उपचार नव्हते. मी रोज कार्यालयात गेलो, कारण घरी बसून करण्यासारखे काही नव्हते. घरी सुनंदा भाजीत तेल कमी घालू लागली, मग जास्त घालू लागली, मग बुधवारी पोळ्या करताना मध्येच उठून आत गेली. मी तव्यावरची पोळी उलटली. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते.

"तुम्ही काही बोलत का नाही?" ती म्हणाली.

"काय बोलू? नक्की काहीच नाही."

"नक्की असल्याशिवाय बोलायचंच नाही का? हे काय पेपर आहे?"

मी पोळी तव्यावरून काढली. त्यानंतर ती गरजेपुरतेच बोलू लागली. मानेतली गाठ मी रोज चाचपत होतो. पोट चाचपून काही कळत नव्हते. मुंबईला कोणाकडे राहायचे याचा विचार मी करत होतो. ती कोणता विचार करत होती हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. रजेचे अर्ज मात्र तिने तीन वेगवेगळ्या मुदतींचे करून ठेवले होते. शेवटच्या अर्जावर मुदतीची जागा कोरी होती. ते मला नंतर वहीत सापडले.

दोन पाकिटे

शनिवारी आम्ही पुन्हा अक्काकडे गेलो. रविवारी दुपारपासून आतडे रिकामे करण्याचे औषध घ्यायचे होते: दोन लिटर, थोड्या थोड्या वेळाने, खारट आणि गोडसर. गच्चीवरच्या त्या खोलीपासून संडास सतरा पावलांवर आहे. दुपारी तीननंतर तेवढेच माझे जग होते.

दुर्बिणीच्या दवाखान्यातून फोन आला. चालू गोळ्यांची यादी पाहिजे होती. सुनंदाने माझी पिशवी खाटेवर उपडी केली आणि पाकिटे ओळीने मांडली. रक्तदाबाची, पित्ताची, बॉर्डरची.

अक्का लिंबूपाणी घेऊन वर आली. पेला खिडकीत ठेवून तिने एक पाकीट उचलले.

"माझी गोळी वर कोणी आनली?"

"तुमची नाही अक्का," सुनंदा म्हणाली. "यांची बॉर्डरची आहे."

"कोन्च्या बॉर्डरची?"

"म्हणजे... शुगर बॉर्डरवर आहे ना यांची. त्याची."

अक्काने पाकीट डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. मग खाली गेली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी दिवसातून एकदाच जिना चढते. त्या दुपारी ती दुसऱ्यांदा वर आली तेव्हा तिच्या हातात तिचे पाकीट होते. दोन्ही पाकिटे तिने खाटेवर शेजारी शेजारी ठेवली. कंपनी वेगळी होती. औषधाचे नाव एक होते. मेटफॉर्मिन, पाचशे.

"दिगू," ती म्हणाली, "मी ही बारा वर्सं झाली खायलेय. मला शुगर हाय. मी समद्या गल्लीला सांगते मला शुगर हाय. तुला काय हाय मंग?"

मी दोन्ही पाकिटे उलटून पाहिली.

"तोंडात मूग धरलास का? त्या पोरीनं इचारलं व्हतं ना तुला तिथं?"

"विचारलं होतं."

"आन तू?"

"नाही म्हणून लिहिलं."

"लिहिणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा," अक्का म्हणाली. सुनंदा खाटेच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "रोज सकाळी मीच आठवण करून द्यायचे." हे तिने दोनदा म्हटले. अक्काने तिला दटावले, "तू गप. खानाऱ्याला तोंड न्हवतं का?"

मी केंद्राला फोन लावला. रविवार असूनही अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंचा क्रमांक मिळाला. त्यांनी गोळीचे नाव विचारले, मात्रा विचारली, किती दिवसांपासून ते विचारले. तीन वर्षे, मी म्हणालो. स्कॅनच्या दिवशी? सकाळी सहाला, मी म्हणालो.



"ही गोळी बरंचसं काम आतड्यात करते," त्यांनी सांगितले. "ती घेणाऱ्याचं आतडं रक्तातली साखर ओढून घेतं. आम्ही टोचतो तीही साखरच. म्हणून आतडं असं पेटल्यासारखं दिसतं. आम्ही ही गोळी दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतो. तुम्ही नाही लिहिलंत, म्हणून सांगितलं गेलं नाही."

"म्हणजे आतड्यात आजार नाही?"

"असं मी म्हणू शकत नाही. गोळीनं आतडं उजळलं असेल. त्या उजेडामागं आजारही असू शकतो, तो मला दिसणार नाही. गोळी आजपासून बंद करा. उद्याची दुर्बीण होऊ द्या. गुरुवारी पुन्हा स्कॅन करू."

मी हे शब्दशः कागदावर उतरवून घेतले. सुटका झाली असे मला वाटले नाही. आधी एक शक्यता होती, आता दोन होत्या.

चार दिवस

सोमवारी दुर्बीण झाली. मोठे आतडे वरून निरोगी दिसले. सहा ठिकाणचे तुकडे तपासायला पाठवले. त्यांचा निकाल शुक्रवारी येणार होता. लहान आतड्याच्या फक्त शेवटच्या टोकापर्यंत दुर्बीण पोचते. त्यापुढचे वीस फूट कोणी पाहिले नव्हते.

गोळी बंद झाली होती. अक्काने तिचे साखर मोजायचे यंत्र वर आणून ठेवले. सोमवारी आतडे रिकामे होते, आकडा धरला नाही. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी एकशे अडुसष्ट. बुधवारी एकशे शहाऐंशी. सुनंदा आकडे वहीत लिहीत होती. भात बंद होता, भाकरी अर्धी होती, तरी आकडा चढत होता. मंगळवारी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही केली. सात पूर्णांक सहा आली. दुर्बीण करणाऱ्या लातूरच्या डॉक्टरांनी कागद बघून विचारले, "बॉर्डरवर कोण म्हणालं?" मग तेच म्हणाले, "बॉर्डर मागं राहून वर्ष-दोन वर्षं झाली असतील."

गोळी चालू असताना रक्त ठीक दिसत होते आणि आतडे आजारी दिसत होते. गोळी बंद केल्यावर रक्ताने खरे सांगितले. आतड्याचे अजून कळायचे होते.

त्या खोलीत मी चार दिवस होतो. खाली जायला बंदी नव्हती. पण खाली सून होती, तिच्या डोहाळजेवणाची तयारी चालली होती, बाया येत-जात होत्या आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून आवाज खाली आणत होता. म्हणून मी वरच राहिलो. एकदा सून जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, "मामा, टीव्ही वर आणून देऊ का?" मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मग मी इथं बसते थोडं." ती पंधरा मिनिटे पायरीवर बसली. 

दोनशे आठ

गुरुवारी सकाळी सात चाळीसला केंद्रात तीच मुलगी होती. या वेळी सातव्या प्रश्नासमोर मी 'आहे' लिहिले आणि गोळीचे पाकीट फॉर्मला टाचणीने लावले.

तिने बोटातून रक्त घेतले. दोनशे आठ.

"काका, दोनशेच्या वर करीत न्हाईत."

"इन्शुलिन?"

"दिलं तर चार तास थांबावं लागतंय. तवर औषध संपतंय." ते औषध रोज सकाळी दुसऱ्या शहरातून गाडीने येते आणि येतानाच कमी होत जाते, असे तिने सांगितले. पुढची तारीख दहा दिवसांनंतरची होती.

मी चालून येऊ का, असे विचारले. चालले की आकडा उतरतो, हे मला अक्काच्या यंत्राने शिकवले होते. ती म्हणाली, "चालायचं न्हाई. पायांचे स्नायू उजळतेत." खायचे नव्हतेच. गोळी घ्यायची नव्हती. बसायचे आणि पाणी प्यायचे, एवढेच करता येण्यासारखे होते.

सुनंदाने बाटली भरून आणली. मी प्यालो. तिने पुन्हा भरली. ती शेजारी बसली होती. तिचा पाय एकसारखा हलत होता. मी म्हणालो, "पाय." ती थांबली. मग म्हणाली, "माझा हलला तर चालतो." आठवड्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा गरजेपेक्षा जास्त बोलली होती.

आठ पंचवीसला दोनशे तीन. आठ पन्नासला एकशे त्र्याण्णव.

मुलीने डॉक्टरबाईंना आत जाऊन विचारले. बाहेर येऊन तिने शिशाचे दार उघडून धरले.

तास त्याच खुर्चीत गेला. स्कॅनला तेवीस मिनिटे लागली. हात डोक्यावर धरून पडून राहायचे असते. दहाव्या मिनिटानंतर खांदे दुखू लागतात, हे आधी माहीत असले तर बरे.

नोंदी

आतड्याच्या तुकड्यांचा निकाल शुक्रवारी दुपारी आला: आजार नाही.

दुसऱ्या स्कॅनचा अहवाल शनिवारी सकाळी अकरा वाजता आला. सुनंदाने तो मोठ्याने वाचला. मोठे आतडे: क्रिया नेहमीच्या मर्यादेत. लहान आतडे: क्रिया नेहमीच्या मर्यादेत. आजार मानेच्या आणि छातीच्या वरच्या भागातल्या गाठींपुरता. टप्पा दुसरा. पहिल्या स्कॅनमधील आतड्याची क्रिया औषधजन्य मानावी.

अक्का म्हणाली, "पुन्हा वाच." सुनंदाने पुन्हा वाचले.

सोमवारी सकाळी साडेनऊला नांदेडमध्ये उपचारांचे पहिले चक्र सुरू झाले. साखरेसाठी त्या काळात इन्शुलिन दिले. घरातल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावर सुनंदाने ती कशासाठी आहे ते शाईने लिहिले आहे. जे हे वाचून तपासणीला जाणार आहेत त्यांनी गोळीला घरात काय म्हणतात ते सांगू नये, पाकीट दाखवावे.

आतापर्यंत चार चक्रे झाली आहेत. मधल्या स्कॅनमध्ये मानेत क्रिया आढळली नाही. छातीतल्या एका गाठीत थोडी शिल्लक आहे. दोन चक्रे बाकी आहेत.